एकादशीची उकड

"आधी खा. मग सांग."

महानंदाआत्याचा हा आवाज त्रिविक्रमच्या कानात अजून जसाच्या तसा आहे. जरा घोगरा, आणि स्टोव्हच्या भरभरीवरून ऐकू जावा म्हणून वर चढवलेला. मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पोरगा शाळेतून तोंड पाडून आला, की आत्या काय झालं म्हणून विचारायचीच नाही. गणितात किती पडले, कोणी मारलं, चप्पल कुठे हरवली, हे सगळे प्रश्न ती पदराच्या गाठीत बांधून ठेवायची आणि पोराच्या पुढ्यात वाफाळत्या उकडीची थाळी यायची. तांदळाच्या पिठाची उकड, आंबट ताकातली, लसणाच्या फोडणीची, आणि मध्ये खळगा करून त्यात ओतलेलं कच्चं तेल. ती घोटताना आत्या गुणगुणायची,

ताकाचा गं लोटा, फळीवरी झाकीयेला
दमून येई त्याचा, घास मागं राखीयेला

पोरगा खायचा, आणि शेवटच्या घासाशी आपोआप बोलायला लागायचा. तोवर दुःखही जरा निवलेलं असायचं, उकडीसारखंच.

आता त्या पोराने पन्नाशी ओलांडली होती, डोक्यावरचे केस मिरजेच्या दिशेने मागे मागे सरकत चालले होते, आणि त्या दिवशी भर दुपारी तो कानडी मुलखातल्या पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतून मेट्रोने जालहळ्ळीला घरी निघाला होता. तोंड पाडूनच. फक्त हे तोंड पडलेलं आहे असं त्याला कुणी म्हटलं असतं, तर त्याने ते तत्त्वतः नाकारलं असतं.

कारण प्रश्न तत्त्वाचाच होता. पीण्यातल्या एका गिअरच्या कारखान्यात त्रिविक्रम क्वालिटीचा प्रमुख. कारखाना लहान, पण पद मोठं, कारण त्याला केबिन होती. तीन बाजूंनी काच, चौथ्या बाजूला भिंत, भिंतीवर कॅलेंडर आणि कोपऱ्यात बाटलीत लावलेलं मनीप्लांट. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर मालकांनी सांगितलं, की पुतण्या निहार परदेशातून व्यवस्थापन शिकून आलाय, त्याला बसायला जागा हवी, तेव्हा तुम्ही 'स्वल्प दिवस' कॉम्प्रेसरशेजारच्या टेबलावर बसा. आता कॉम्प्रेसरच्या थरथराटात मायक्रोमीटर खरं बोलत नाही, हे कुणीही मान्य करील. त्रिविक्रमने हा मुद्दा मांडला. मालक म्हणाले, "सरी." सरी म्हणजे कानडीत 'ठीक आहे'. त्याने वायुवीजनाचा मुद्दा मांडला. मालक म्हणाले, "सरी." अशा रीतीने तत्त्व पायरी पायरीने वर चढत गेलं आणि शेवटी गच्चीवर जाऊन उभं राहिलं. तिथून खाली उडी मारण्याखेरीज दुसरं काही करण्यासारखं नसतं. "मग मी उद्यापासून येत नाही," त्रिविक्रम म्हणाला.

"सरी," मालक म्हणाले, आणि फोन घेण्यासाठी वळले.

त्रिविक्रम तडक बाहेर पडला. इतका तडक, की जेवणाचा डबा तिथेच राहिला.

हे सगळं ठीक होतं. स्वाभिमानी माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग येतात आणि त्याने ते पेलायचे असतात. अडचण होती ती प्रतिमाची. प्रतिमा, त्याची बायको, मल्लेश्वरमच्या शाळेत हिंदी शिकवायची. लग्नाच्या वेळी अर्धवट सुटलेलं एम.ए. पूर्ण करायचं तिने आता मनावर घेतलं होतं आणि उद्या सकाळी ती मुख्याध्यापिकाबाईंना सांगणार होती, की हे सत्र संपलं की मी नोकरी सोडते. "सोड तू. मी आहे ना," हे त्रिविक्रमनेच तिला म्हटलं होतं, तेही छातीला हात लावून. तेव्हा जे काही सांगायचं ते आजच, तिने उद्या घराबाहेर पाऊल टाकण्याआधी सांगायला हवं होतं. आणि ते कसं सांगावं याचा विचार करू लागलं, की त्याला फक्त उकड आठवत होती.

फाटकातून आत शिरताना त्याने चेहरा सरळ केला. पण अपार्टमेंटचे सेक्रेटरी हयवदनराव चेहऱ्याकडे बघत नसत, घड्याळाकडे बघत. राव सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. मूळचे धारवाडकडचे, नोकरीची काही वर्षं बेळगावात गेल्यामुळे मराठी अस्खलित, आणि आचाराने कडक माध्व वैष्णव. सोसायटीत कोण किती वाजता येतं-जातं याचं त्यांना व्यसन होतं; बाकी निर्व्यसनी.

"काय त्रिविक्रमराव! ऊन अजून खाली उतरलं नाही, अन् तुम्ही घरी?"

डोकं दुखतंय म्हणावं, तर राव लगेच काढा सांगतात. सुट्टी म्हणावं, तर कसली सुट्टी म्हणून विचारतात, आणि सुट्ट्यांची यादी त्यांना सरकारपेक्षा जास्त पाठ असते. त्रिविक्रमची नजर भिरभिरत रावांच्या मागच्या सूचना-फळ्यावर गेली. 'आज एकादशी. संध्याकाळी सहा वाजता हॉलमध्ये भजन.'

"आज एकादशी ना," तो म्हणाला.

काटेकोरपणे पाहिलं तर हे खोटं नव्हतं. एकादशी होतीच.

रावांनी चष्मा वर केला. "तुम्ही धरता?"

"म्हणजे... आपलं यथाशक्ती."

"हां. साबुदाण्याची खिचडी," राव म्हणाले. त्यांच्या आवाजात त्या खिचडीविषयी आणि ती खाणाऱ्या समस्त महाराष्ट्राविषयी अशी काही करुणा होती, की दुपारपासून दुखावलेला त्रिविक्रमचा मान पुन्हा एकदा दुखावला. एका दिवसात माणसाने किती सोसायचं?

"साबुदाणा नाही," तो ताठ होऊन म्हणाला. "सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही."

हेही खरंच होतं. डबा पीण्यात होता. पण दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, की त्यांना किती मोठं खोटं होतं हे त्रिविक्रमला त्या क्षणी कळलं. रावांनी दोन्ही हात जोडले.

"पाणी?"

त्रिविक्रम गप्प राहिला. रावांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ विनय असा घेतला.

"निर्जळ! अय्यो, मी आमच्या हिला आजच सकाळी म्हटलं हो, मराठी लोकांचं उपास म्हणजे जेवण बदलणं. चुकलं माझं. सहाला हॉलमध्ये या. पुढच्या रांगेत बसायचं तुम्ही."

तिसऱ्या मजल्यावरच्या घरात शिरल्यावर त्रिविक्रमने पहिल्यांदा दोन पेले पाणी प्यायलं. खिडकीपासून लांब उभं राहून, चोरासारखं. मग ऊन उतरेपर्यंत तो पलंगावर पडून राहिला, आणि शेवटी उठून त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या. शाळेतले जादा तास संपवून प्रतिमा यायला अवकाश होता. तेवढ्यात आपल्या हाताने उकड करायची, खायची, आणि पोटात ऊब घेऊन बायकोला सामोरं जायचं. इतकी साधी गोष्ट. जगात उकडीहून साधं काही नाही. पीठ, ताक, फोडणी. युद्धं याहून कमी सामानात हरलेली आहेत.

फडताळात तांदळाच्या पिठाचा म्हणून एक डबा होता. त्रिविक्रमने झाकण उघडलं, पांढरंशुभ्र पीठ बोटावर घेतलं आणि खात्री करण्यासाठी जिभेवर ठेवलं. दाताखाली खरखर झाली. ती रांगोळी होती. दारातल्या रोजच्या रांगोळीसाठी प्रतिमाने रिकामा डबा कामाला लावला होता, आणि ही बातमी नवऱ्याला द्यावी असं तिला कधी वाटलं नव्हतं. कारण इतक्या वर्षांत नवऱ्याने तो डबा कधी उघडलाच नव्हता. चूळ भरता भरता त्रिविक्रमच्या मनात आलं, आपल्याच घरात आपल्याला काय कुठे आहे ते माहीत नाही. कारखान्यात मात्र कुठल्या कपाटाच्या कुठल्या खणात कोणतं गेज आहे, हे डोळे मिटून सांगता येईल. येत होतं.

लसणाच्या टोपलीत फक्त सालं होती. त्याने फोनवरून तांदळाचं पीठ, लसूण आणि हिरव्या मिरच्या मागवल्या. राहता राहिलं ताक. आणि ताक हे फोनवरून मागवायचं काम नव्हे. पिशवीतल्या ताकाला आंबटपणा कुठून यायचा? आंबटपणाला वेळ द्यावा लागतो. कुणाच्या तरी घरात, कुणी तरी विसरल्यामुळे मागे राहावं लागतं. त्रिविक्रमला क्षणभर वाटलं, या हिशेबाने आज आपलीही उत्तम उकड होईल.

रावांची नजर चुकवायची म्हणून लिफ्ट टाळून, जिना चढून तो पाचव्या मजल्यावर शाल्मलीकडे गेला. शाल्मली पुण्याची, कॉम्प्युटरवाली, ऑफिस बेळ्ळंदूरला. आठवड्यातून दोन दिवस ती तिकडे जायची आणि उरलेले दिवस घरून काम करत त्या दोन दिवसांच्या ट्रॅफिकमधून सावरायची. कानात यंत्र, हातात फोन, असं तिने दार उघडलं आणि त्रिविक्रमला बघून डोळे विस्फारले.

"काका! ड्राय फास्ट? सीरियसली? रिस्पेक्ट!"

"तुला कोणी सांगितलं?"

तिने फोन पुढे केला. सोसायटीच्या ग्रुपवर रावांनी लिहिलं होतं, '३०४ चे श्री. त्रिविक्रम, मूळ महाराष्ट्र, आज निर्जळ एकादशी करत आहेत. सर्वांनी आदर्श घ्यावा.' खाली जोडलेल्या हातांची रांगच्या रांग लागली होती. एकाने तर, त्यांना लिफ्टमध्ये प्राधान्य द्यावं, अशी सूचना केली होती.

"बरं, ते जाऊ दे," त्रिविक्रम हळूच म्हणाला. "तुझ्याकडे ताक आहे का गं? आंबट?"

"पण तुमचा तर फास्ट आहे ना?"

"उद्याला. पारण्याला लागतं."

"ओह! ब्रेक द फास्ट. काका, पण तुम्ही डायरेक्ट ताकावर नका जाऊ हं. आधी इलेक्ट्रोलाइट्स घ्यायचे. मी लिंक पाठवते." आतून ती एक डबी घेऊन आली. "माझ्याकडे ना फक्त ग्रीक योगर्ट आहे. पण एकदम फ्रेश आहे, आंबट अजिबात नाही!"

तिच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता, की त्रिविक्रमने ती डबी घेतली. मिरजेच्या उकडीत ग्रीसचं दही घालायची वेळ अजून आली नव्हती, पण चांगल्या मनाने दिलेलं परत करू नये.

तो खाली आला तो दारात साक्षात राव उभे. अंगावर उपरणं, हातात टाळ.

"चला. तुम्हाला बोलवायला मी स्वतः आलो."

"राव, मी जरा हात-पाय..."

"ती बाहेरची शुद्धी. तुमची तर आतली झाली आहे. चला." आणि त्रिविक्रमच्या हातातली डबी बघून ते गहिवरले. "हे उद्याच्या पारण्याचं? आत्तापासून तयारी! बघा, याला म्हणतात निष्ठा."

डबी दाराशी ठेवायला मिळाली, एवढीच सवलत. फोन आत ओट्यावर राहिला.

हॉलमध्ये त्रिविक्रमला पुढच्या रांगेत, विठ्ठलाच्या तसबिरीच्या अगदी समोर बसवण्यात आलं. शेजारी रावांच्या पत्नी अमृताक्का. नाकात चमकी, बारीक चणीच्या, आणि भजनात आवाज असा लागलेला की वयाचा पत्ता लागू नये. एरवी त्रिविक्रमला हे भजन फार आवडलं असतं. कानडी शब्द कळले नाहीत तरी चाल कळते. चाल ही आईच्या भाषेतलीच असते सगळ्यांची. पण त्याच्या डोळ्यांपुढे विठ्ठलाच्या तसबिरीतून वाफा निघू लागल्या होत्या. देव कमरेवर हात ठेवून उभा होता आणि त्रिविक्रमला ते, जेवण होईपर्यंत ताटकळणाऱ्या माणसाचं उभं राहणं वाटायला लागलं होतं.

भजन संपलं. आरतीआधी क्षणभर सगळे डोळे मिटून शांत बसले. आणि त्या शांततेत त्रिविक्रमचं पोट बोललं. थोडकं नाही, चांगलं सुरुवात-मध्य-शेवट असलेलं बोललं. मागच्या रांगेत कुणीतरी "पांडुरंग" म्हणालं.

रावांना भरून आलं. ते उठून उभे राहिले. "ऐकलंत? हा देहाचा आवाज. आपण सगळे हा आवाज फळं खाऊन, दूध पिऊन बंद करतो. त्रिविक्रमराव तो ऐकून घेतात, अन् हसतात." त्रिविक्रम हसला. दुसरं काय करणार? "आपल्या टॉवरला लाभलेला हा..."

"३०४ यारू?"

दारात पिवळ्या टी-शर्टातला, पाठीवर पिशवी लावलेला डिलिव्हरीवाला उभा होता. मागे फाटकावरचा सिक्युरिटी, अत्यंत तत्पर मुद्रेने. त्रिविक्रमने फोन उचलला नाही तेव्हा ते हॉलमध्ये आहेत हे ओळखून तोच या माणसाला इथवर घेऊन आला होता. सेवा म्हणतात ती अशी.

"सर, ओटीपी हेळी."

"फोन घरी आहे," त्रिविक्रम पुटपुटला. "ठेवून जा ना."

"ओटीपी इल्ला अंदरे सामान इल्ला, सर." आणि लगेच सिक्युरिटीने त्याला दुजोरा दिला. गेल्याच महिन्यात कुणाची तरी पिशवी भलत्याच घरी गेल्यापासून रावांनी स्वतः नियम केला होता, की ओटीपी सांगता आला नाही, तर सामान वाचून दाखवायचं आणि मालकाने सर्वांसमक्ष कबूल करायचं. नियम म्हणजे नियम. डिलिव्हरीवाल्याने पिशवी उघडली आणि एकेक वस्तू हातात धरून, लिलावात पुकारतात तशी पुकारली.

"अक्की हिट्टू."

तांदळाचं पीठ. एकादशीला धान्याचा स्पर्श नको म्हणणारे सगळे डोळे त्या पुडक्यावर खिळले. "पारण्याचं असणार," राव धीराने म्हणाले. "उद्याचं."

"हसि मेणसिनकायी." हिरव्या मिरच्या वर झाल्या. रावांनी हातातले टाळ खाली ठेवले.

"बेळ्ळुळ्ळी."

लसूण! जाळीच्या पिशवीला भोक असावं. एक गड्डा निसटला, टप्पा खाऊन घरंगळत गेला आणि थेट तसबिरीपुढच्या समईशी जाऊन टेकला. या हॉलमध्ये, या मंडळींपुढे, या दिवशी लसूण! देव काही बोलला नाही. त्याच्याकडून ही एकच अपेक्षा त्रिविक्रमने केली होती आणि ती पूर्ण झाली.

"पारण्याला... लसूण?" मागून कुणीतरी चिंताक्रांत आवाजात विचारलं.

त्रिविक्रम उठला. आता तत्त्वाचा कुठलाच मुद्दा हाताशी नव्हता. "राव," तो म्हणाला, "माझा उपास नाही. नव्हताच. तुम्ही मानलंत, मला नाही म्हणता आलं नाही. मला भूक लागलीय. मला उकड करून खायची होती."

रावांनी चष्मा काढला. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "मग इतक्या लौकर घरी का आलात तुम्ही?"

सगळा हॉल वाट बघत होता. त्रिविक्रमच्या ओठांवर वायुवीजन आलं, कॉम्प्रेसर आला, आणि दोन्ही परत गेले. त्याने वाकून समईपाशी पडलेला गड्डा उचलला, बाकीचं सामान छातीशी धरलं आणि तो बाहेर पडला. एका दिवसात दुसऱ्यांदा तडक. मात्र या वेळी जेवणाचं सामान बरोबर घेऊन. म्हणजे माणूस शिकत असतो.

घरी येऊन तो ओट्यापाशी नुसता उभा राहिला. पीठ होतं, लसूण होता, मिरच्या होत्या, ताक नव्हतं. ग्रीक डबीकडे त्याने पाहिलं, डबीनेही त्याच्याकडे पाहिलं. एवढ्यात बेल वाजली.

दारात अमृताक्का. हातात झाकण घातलेला स्टीलचा लोटा.

"उद्या पारण्याला मी ताजं करते. हे परवाचं. आंबट झालंय फार, झाडाला घालणार होते." त्यांनी लोटा त्याच्या हातात दिला. "आमच्या घरी आज चालत नाही. तुमच्या घरी चालतं की."

झाकणाच्या फटीतून आंबूस वास आला आणि मिरजेचं सबंध स्वयंपाकघर त्या जिन्यात येऊन उभं राहिलं. "अक्का, राव फार रागावलेत का हो?"

"रागावलेत कुठले! भूक लागलीय त्यांना. एकादशीला संध्याकाळनंतर मीसुद्धा बोलत नाही त्यांच्याशी." त्या जिन्याकडे वळल्या, थांबल्या. "तुम्हाला काय झालं ते मी विचारत नाही हं. खाऊन घ्या."

कढईत तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग-हळद गेली, लसूण गुलाबी झाला. इथवर त्रिविक्रमने आत्याला शोभेल असं केलं. मग त्याने ताक ओतलं आणि ते खळखळून उकळल्यावर वरून सगळं पीठ एकदम टाकलं. पीठ आधी ताकात कालवून घ्यायचं असतं, हे आत्याने कधी सांगितलं नव्हतं. ती कालवत असायची तेव्हा हा पाठ करून रुसून बसलेला असायचा. बघता बघता कढईत लहानमोठे गोळे तरंगायला लागले. त्रिविक्रमने डावाच्या पाठीने एकेक गोळा कढईच्या कडेला धरून चिरडायला घेतला. मिक्सरचं काम करून दंड दुखायला लागला, कपाळावरून घाम ओघळला, काही गोळे शरण आले, काहींनी स्वाभिमान सोडला नाही. त्या न फुटणाऱ्या गोळ्यांविषयी त्याला आत कुठेतरी आपुलकी वाटली. घोटता घोटता आपण काहीतरी गुणगुणतोय हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

दमून येई त्याचा, घास मागं राखीयेला...

"अहो, हे काय?" प्रतिमा दारात चपला काढत होती. "लसणाचा वास पार मेट्रोपर्यंत येतोय, आणि ग्रुपवर तुमचा निर्जळ उपास! खाली सिक्युरिटीने मला नमस्कार केला. कशासाठी ते त्यालाच आता नीट कळत नव्हतं." ती हसत हसत आत आली. तिच्या चेहऱ्यावर दिवसभराच्या खडूची धूळ होती आणि त्याखालून एक उजेड. "बरं ऐका ना, उद्या बाईंना काय सांगायचं ते मी मेट्रोत मनात अगदी पाठ..."

"आधी खा," त्रिविक्रम म्हणाला.

ती थांबली. लग्न झाल्यापासून हे वाक्य या घरात तीच म्हणत आली होती. "आणि मग?"

"मग सांगतो."

प्रतिमाने काही विचारलं नाही. हात धुतले, दोन ताटल्या काढल्या, मग त्यातली एक परत ठेवली. एकाच ताटलीत त्याने उकड वाढली, मध्ये खळगा केला, तेल ओतलं. दोघं ओट्यापाशीच दोन स्टुलांवर बसली. पहिला घास तोंडात गेला आणि त्रिविक्रमचे डोळे मिटले. आंबट, तिखट, मऊ, गरम. जीभ भाजली आणि छातीतून खाली, जिथे दुपारपासून काहीतरी मूठ आवळून बसलं होतं, तिथवर ती ऊब उतरली.

"गुठळ्या आहेत," तो म्हणाला.

"असू देत. चावायला काहीतरी हवंच." तिने एक गुठळी अंगठ्याने फोडली, तेलात बुडवली आणि खाल्ली.

ताटली निम्मी झाली तेव्हा तो म्हणाला, "प्रतिमा, मी आज नोकरी सोडून आलो."

तिने हातातला घास ताटलीत ठेवला. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मग त्रिविक्रमने सगळं सांगितलं. पुतण्या निहार, कॉम्प्रेसर, मायक्रोमीटर, वायुवीजन. उद्या तू बाईंना सांगणार होतीस, म्हणून आजच सांगायला हवं होतं, हेही सांगितलं. आणि मी आहे ना म्हणालो होतो, हे सांगताना आवाज खाली गेला.

"मालक काय म्हणाले?"

"सरी म्हणाले."

"आणि डबा?"

"कुठला डबा?"

"जेवणाचा. तुमच्या हातात नाही, पिशवीत नाही."

"राहिला तिथेच."

"मग उद्या तुम्हाला जावंच लागणार," प्रतिमा म्हणाली. "नवा आहे तो, गेल्या महिन्यातच घेतलाय. जा, डबा घ्या, मालकांशी शांतपणे बोला. पटलं तर थांबा, नाही पटलं तर डबा घेऊन या. बाईंना मी सत्र संपताना सांगीन. एम.ए. सोडत नाहीये मी, ऐकताय ना? जरा पुढे सरकवतेय. इतकी वर्षं थांबलंय ते, चांगलं आंबून आलं असेल आता." तिने त्याच्या बाजूची उकड मध्ये सारली. "पण एक कळत नाही. कॉम्प्रेसर तर तिथे पहिल्यापासून आहे. इतक्या वर्षांत तुम्ही त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत."

"तत्त्वाचा प्रश्न..." त्रिविक्रमने सुरुवात केली आणि तो थांबला.

ताटलीत शेवटचा घास उरला होता. प्रतिमाने तो त्याच्यापुढे केला. ती आणखी काही विचारत नव्हती, नुसती बसली होती, आणि आंब्याच्या लोणच्याचा डबा शोधण्याचा बहाणाही करत नव्हती. त्याने तो घास खाल्ला. ताटलीच्या काठाला लागलेलं तेल बोटाने पुसलं. आणि मग, पोरगा बोलायला लागायचा तसा, खाली बघत म्हणाला,

"मी काही बोलायच्या आधीच माझी खुर्ची उचलून बाहेर नेली गं त्यांनी, सगळ्या शॉपसमोरून. मी मागून मनीप्लांटची बाटली हातात धरून चाललो होतो, आणि सगळी माझी माणसं, मान खाली घालून कामं करत असल्यासारखं करत होती. मला रडू येत होतं, प्रतिमा."